जुन्या बंदुकीचा दस्ता : उजळावा किती, राखावा किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खंडेनवमी जवळ आली की घरोघरची हत्यारे खाली उतरतात. शेतकरी कोयता-कुऱ्हाड पुसतो, सुतार रंधा-पटाशी मांडतो आणि ज्या मोजक्या घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळची बंदूक आहे, तिथे तिलाही हळद-कुंकू लागते. नेमके त्याच वेळी कोणीतरी म्हणते, "किती काळवंडली ही! एकदा छान पॉलिश करून घेऊ या." श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते या वाक्याबद्दल.

आमच्या घरी अकोले तालुक्यातली, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक होती. कॉलेजात असताना एका सुटीत मी तिचा दस्ता पॉलिश पेपरने घासून काढला आणि वर वॉर्निशचे दोन हात दिले. बंदूक आरशासारखी चमकू लागली. सगळ्यांनी वाखाणले. बऱ्याच वर्षांनी जुन्या शस्त्रांचे एक जाणकार घरी आले. दस्ता फिरवून पाहत त्यांनी विचारले, "इथे कारागिराचा ठसा होता ना? कोणाचा?" ठसा होता, पण तो काय होता ते घरात कोणालाच आठवेना. ती बंदूक कोणी घडवली, याचा एकमेव पुरावा मी एका दुपारी पुसून टाकला होता.

आपल्या जिल्ह्याचे शस्त्रांशी नाते जुने आहे. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरलाच, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली गेली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने इथला भुईकोट किल्ला घेतला. पुढे छावणी वाढली आणि १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालयही इथे उभे राहिले. तोफ आणि रणगाडा धातूचे. त्यांना ऊनपाऊस सोसतो. बंदुकीचे तसे नाही. तिची नळी लोखंडाची असली तरी खांद्याला टेकतो आणि नळीला धरून ठेवतो तो दस्ता लाकडाचा असतो. बंदुकीचे वय आधी दिसते ते या लाकडावर.

दस्त्याला लाकूड असे लागते, की जे धक्का सोसेल, फाटणार नाही आणि हवा बदलली तरी वाकणार नाही. कारण दस्ता वाकला तर नळीवर ताण येतो आणि नेम चुकतो. देशी कारागिरांनी शिसवासारखी कठीण लाकडे वापरली. पोलिसांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या दिसलेल्या 'थ्री नॉट थ्री' रायफलीचा, म्हणजे ली-एनफील्डचा दस्ता प्रामुख्याने अक्रोडाचा. ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही तयार होत असे. तिच्या लाकडावर वॉर्निश नसे. जवसाचे तेल मुरवलेले असे, आणि शिपाई तेच तेल पुन्हा पुन्हा चोळत.

आता या लाकडावरच्या खुणा कशा वाचायच्या? तोड्याच्या बंदुकीत कानाजवळचे लाकूड काळे दिसते. ती घाण नव्हे. पेटत्या तोड्याने रंजक भडकला, की दर वेळी तिथे जाळ उठे. त्याचा तो डाग आहे. मुठीपाशी लाकूड गुळगुळीत असते, ते हातांनी झिजलेले. थ्री नॉट थ्रीच्या दस्त्यावर कारखान्याचे ठसे असतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंतच्या काही रायफलींच्या दस्त्यात पितळी चकती बसवलेली असे आणि तिच्यावर पलटणीची खूण. पॉलिश पेपर हे सगळे एका झटक्यात नेतो. शिवाय लाकूड घासले की ते शेजारच्या लोखंडी पट्टीपेक्षा खाली जाते. जाणकार कडेवरून नुसते बोट फिरवतो आणि ओळखतो, हा दस्ता घासलेला आहे.

मग काहीच करू नये का? करावे, पण क्रमाने.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या जुन्या बंदुका कित्येक वर्षे भरलेल्याच राहिल्याची उदाहरणे आहेत. नळीत गज सोडायचा, तोंडापाशी खूण करायची आणि तेवढेच अंतर बाहेरून मोजायचे. गज कानापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. अशा वेळी बंदूक ठेवून द्यावी आणि परवानाधारक कारागिराला बोलवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही. जुन्या घडणीची आणि दुरुस्त करूनही चालू न शकणारी शस्त्रे त्यातून वगळली आहेत, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे आपण ठरवू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याकडेही लक्ष हवे.

दुसरे, हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढावेत आणि प्रत्येक ठसा वहीत उतरवावा. मी एवढे जरी केले असते!

तिसरे, लाकडावर मुळात काय आहे ते ओळखावे. कापसाच्या बोळ्याला थेंबभर स्पिरिट लावून तो आतल्या, न दिसणाऱ्या जागी टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर वर लाखेचे पॉलिश आहे. त्याला स्पिरिट पुन्हा दाखवू नये. दस्त्यावर रंगकाम, हस्तिदंत किंवा पितळेची जडावाची कामे असतील, तर मऊ ब्रशने धूळ झटकून थांबावे. पाणी नको, तेलही नको. ते काम संग्रहालयातल्या तज्ज्ञांचे.

चौथे, पोचे. दबलेल्या लाकडावर ओले सुती फडके ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवले, की वाफेने तंतू फुगून वर येतात. पण कारखान्याचा ठसा म्हणजेही दबलेले तंतूच. वाफ पोचा आणि ठसा यांत फरक करत नाही. ठशाच्या जवळपास इस्त्री नेऊ नये.

पाचवे, तेल. ज्या लाकडाला मुळात जवसाचे तेल होते, त्यालाच ते द्यावे. बोटावर दोन थेंब, तळहाताने ऊब येईपर्यंत चोळावे, उरलेले पुसावे आणि पुरते सुकू द्यावे. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून जाड थर दिला तर तो चिकट राहतो. आणि याच कारणाने एक धोकाही आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर आतली उष्णता कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उलगडून बाहेर वाळवाव्यात. बाकी जुन्या, मौल्यवान दस्त्यांवर तेलापेक्षा मेणाचा पातळ हात बरा. मेण पुढे काढता येते. मुरलेले तेल काढता येत नाही.

राहिली ठेवण्याची जागा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे बुरशी कमी. पण एप्रिल-मे महिन्यांत लाकूड तडकते. बंदूक उन्हाच्या किंवा चुलीच्या भिंतीला टांगू नये. नळीला लावलेले तेल ओघळून दस्त्यात मुरले तर लाकूड काळे आणि मऊ पडते, म्हणून ती उभी न ठेवता आडवी ठेवावी. वाळवीसाठी वर्षातून दोनदा तरी पाहावे.

आमच्या बंदुकीचे वॉर्निश मी नंतर काढले. ठसा काही परत आला नाही. यंदा खंडेनवमीला तुमच्या घरी कोणी पॉलिश पेपर हातात घेतला, तर आधी त्याच्या हातात कॅमेरा द्या आणि फोटो काढायला सांगा.