दारू सुटली, हात थांबला का?

‘प्यायला नसला की देवमाणूस आहे हो,’ असं मार खाणारी बाई सांगते, तेव्हा सगळा दोष ती बाटलीवर टाकते. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वारंवार झिंगणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकी ७० टक्के जणींनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्यांचा नवरा दारू पीत नाही, अशांतही हे प्रमाण २३ टक्के होतं. दारूने हिंसा भडकते. पण बायकोवर हात उगारायचा आपल्याला हक्क आहे, ही समजूत पहिल्या घोटाच्या आधीची असते.

तरी हा भडका कमी करायचा तर आधी दारू सुटायलाच हवी. म्हणून पुण्याच्या येरवड्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र महत्त्वाचं वाटतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. मागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती, समोर गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यातली तरुण मुलं. १९९७ साली डॉ. अनिता गेल्या, आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर केंद्राची धुरा वाहते.

निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचे. दारू तुटली की हात थरथरतात, झोप उडते, कुणाला भास होतात. तेव्हा डॉक्टर आणि औषधं लागतात. नंतर समुपदेशन, गटचर्चा, योग. समुपदेशकांतले अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले, त्यामुळे सबबी त्यांच्यापुढे टिकत नाहीत. बायकांसाठी ‘सहचरी’ हा आधारगट आहे. नवऱ्याच्या पिण्याचा दोष आपला नाही, हे तिथे एकटीला नव्हे, सगळ्यांसोबत उमगतं.

तरी मारहाणीवर वेगळं काम व्हायलाच हवं. ‘नशेत होतो, आठवत नाही’ ही सबब न सांगता नवऱ्याने आपल्या कृत्याची जबाबदारी घ्यावी, राग चढण्याआधी बाजूला व्हायला शिकावं. बाई घाबरलेली असताना दोघांना समोरासमोर बसवू नये. ती बोलली तर घरी त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, एकेकट्याने किंवा एकत्र. त्यातला ‘एकेकट्याने’ हा पर्याय फार मोलाचा आहे.

पुणं दूर असलेल्या, अगदी ग्वाल्हेरसारख्या गावातल्या मराठी घरालाही व्यसनासाठी १४४४६ आणि स्त्रियांसाठी १८१ या मदतवाहिन्या आहेत. नवरा किती दिवस प्यायला नाही, ही मोजणी हवीच. पण उपचार फळाला आले का, याचा निकाल बायकोने द्यायचा: त्याच्याशी वाद घालायची तिला आता भीती वाटत नाही ना?