उंबराच्या पोटातला संसार

उंबराला फूल येत नाही, असे गावोगाव सांगतात. फुले येतात, तीही शेकड्यांनी. पण उमलतात ती फळाच्या आत, अंधारात. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो तो मुळात आत वळून मिटलेला फुलोराच. त्याच्या तोंडाशी खवल्यांनी झाकलेले बारीक भोक असते. तिथून आत शिरून परागीभवन करते ती जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी, शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. उंबर फोडल्यावर उडणारी केंबरे ती हीच आणि हिची भावकी.

आत घुसताना मादीचे पंख तुटतात, त्यामुळे परतीची वाट उरत नाही. छातीवरच्या खिशांतून आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे पिल्लांपैकी नर आधी बाहेर पडतात. ते बिनपंखी असतात. मीलन उरकायचे, उंबराची भिंत पोखरून माद्यांना वाट करून द्यायची, एवढेच त्यांचे आयुष्य. माद्या मात्र तोवर तयार झालेले पराग खिशांत भरून उडतात. या घरात घुसखोरही आहेत. काही माश्या बाहेरूनच लांब सुईने भिंत भेदून अंडी घालतात; त्या सुईचे टोक जस्ताने कठीण झालेले असते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले.

खरी अडचण पुढे आहे. एका झाडावरची उंबरे साधारण एकदमच पिकतात, म्हणून उडालेल्या मादीला आपल्या झाडाचा उपयोग नसतो. हाताशी जेमतेम एक दिवस. तेवढ्यात वाऱ्यावर तरंगत, वासाच्या मागावर तिला नुकता फुलोरा धरलेला दुसरा उंबर गाठावा लागतो. म्हणून देवळापुढचा एक औदुंबर पार बांधून जपला आणि ओढ्याकाठचे, विहिरीजवळचे, रस्त्याकडेचे तोडले, तर जपलेल्यालाही ते भोवते. परागीभवन झाले नाही तर बहुतेक उंबरे कच्चीच गळतात. मग हरियाल, तांबट, धनेश, वटवाघळे यांचे ताट रिकामे. हरियाल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी!

‘सडा पडतो, माश्या होतात’ म्हणून सोसायट्या उंबर तोडायला निघतात, ते म्हणूनच खटकते. सडा झाडता येतो. भिंतीच्या फटीत पाखरांनी पेरलेले रोप उपटावेच लागले, तर ते फेकू नये. पावसाच्या सुरुवातीला मुळासकट काढून ओढ्याकाठी लावावे. ओल्या जागेत उंबर चांगला धरतो.