पहिला हक्क

बँकेत असताना शनिवार पेठेतल्या एका वाड्याची विक्री पाहिली. भाडेकरूला पहिला हक्क लिहून दिलेला. बाहेरचे गिऱ्हाईक फिरकेना. भाव आपण ठरवायचा आणि वाडा भाडेकरूने घ्यायचा, हा उद्योग कोण करणार?

२०२४च्या आयपीएल लिलावात अर्शदीप सिंगसाठी हैदराबादने १८ कोटींपर्यंत मजल मारली. जुन्या पंजाब संघाने हक्क वापरून तेवढ्यातच त्याला राखले. हैदराबादच्या हाती भोपळा!

अमेरिकन फुटबॉलमध्ये २०२३ साली लामार जॅक्सनला परक्या संघांपैकी कुणी देकारच दिला नाही. जुना बाल्टिमोर संघ बरोबरी करू शकत होता. न केल्यास नवोदितांच्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी त्याला द्याव्या लागणार. अखेर बाल्टिमोरनेच पाच वर्षांचा २६ कोटी डॉलरचा करार केला.

जॅक्सनचे निभावले. वाड्याच्या मालकाने मात्र भाडेकरू म्हणेल त्या भावाला सही केली.