रडारचा सूर आणि काचेचे भेंडोळे

डोंगराच्या पायथ्याशी एक माणूस ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर वेगाने चालत येतो आहे. दूरच्या डॉप्लर रडारला तो दिसेल का? रडारच्या लहरींची स्पंदने सेकंदाला १० अब्ज असतील, तर माणसावर आदळून परतलेल्या लहरीत फरक पडतो अवघ्या १०० स्पंदनांचा. म्हणजे दहा कोटींत एक!

त्यात मागच्या डोंगराचा प्रतिध्वनी कैक पटींनी जोरकस. डोंगर हलत नाही, म्हणून तो वगळता यायला हवा. पण रडारचा स्वतःचा सूरच किंचित थरथरत असतो. ती थरथर डोंगराच्या प्रतिध्वनीतही उतरते आणि चालणारा माणूस तिच्यात बुडून जातो. रडारची शक्ती वाढवून उपयोग नाही. डोंगराचा आवाजही तेवढाच वाढतो.

हा सूर सहसा क्वार्ट्‌झच्या स्फटिकापासून मिळवतात. स्फटिकाची स्पंदने असतात सेकंदाला काही कोटी. ती शेकडो पटींनी वाढवताना थरथरही वाढते. १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्ह याओ आणि ल्यूट मालेकी यांनी वेगळी वाट काढली. माईक स्पीकरजवळ नेला की कर्कश शिट्टी घुमू लागते, हे आपण मांडवात ऐकतोच. इथेही तेच, फक्त शिस्तीत. लेसरचा प्रकाश मॉड्युलेटरमधून ऑप्टिकल फायबरच्या भेंडोळ्यात शिरतो, बाहेर पडल्यावर त्याचा विद्युत संकेत होतो आणि तोच वाढवून पुन्हा मॉड्युलेटरला दिला जातो.

खरी करामत भेंडोळ्याच्या लांबीत आहे. चार किलोमीटर फायबर पार करायला प्रकाशाला सेकंदाचा ५० हजारावा भाग लागतो. तेवढ्यात वाटेवर दोन लाख स्पंदने मावतात. सूर जरासा जरी सरकला, तरी ती चूक दोन लाख वेळा साचून मोठी होते आणि फेरा जुळत नाही. त्यामुळे सूर जागेवर राहतो. तांब्याच्या केबलमध्ये एवढा उच्च संकेत काही मीटरांतच अर्धा होतो. फायबरमध्ये प्रकाश अर्धा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात.

अर्थात काच तापमानाने बदलते, म्हणून भेंडोळे समतापी पेटीत ठेवावे लागते. शिवाय लांब फेऱ्यात जवळजवळचे अनेक सूर एकदम धरू पाहतात. त्यावर उपाय म्हणून जोडीला एक आखूड भेंडोळे लावतात. दोन्हींना मानवेल तेवढाच सूर टिकतो.