चुंबकी भोवरे वितळतात तेव्हा

बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा एक स्फटिक असतो. काळा, चकचकीत, कपचीएवढा. त्याला चिकटपट्टी लावून अलगद ओढली की पातळ पापुद्रा सुटून येतो. पुन्हा ओढली की आणखी एक. तो मुळात थरांचाच बनलेला आहे: तांबं-ऑक्सिजनच्या थरांची जोडी, मध्ये बिस्मथचे थर, मग पुन्हा जोडी. दोन जोड्यांमधलं अंतर जेमतेम दीड नॅनोमीटर. हा स्फटिक सुमारे 90 केल्विनच्या, म्हणजे उणे 183 अंश सेल्सिअसच्या खाली नेला की तो अतिसंवाहक होतो. त्याच्यातून वीज कोणत्याही रोधाशिवाय वाहू लागते. मात्र जवळ चुंबक आला की सगळं चित्र पालटतं, आणि खरी नवलाई तिथूनच सुरू होते.

1911 मध्ये लायडनला कामर्लिंग ओन्स यांना पाऱ्यात अतिसंवाहकता सापडली, ती 4.2 केल्विनला. 1986 मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना ती तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये 30 केल्विनच्या वर मिळाली. पुढच्याच वर्षी इट्रियम-बेरियम-तांबं यांच्या ऑक्साइडने 93 केल्विन गाठले. स्वस्त द्रवरूप नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, त्यामुळे जगभर आशा उसळल्या.

या पदार्थांत चुंबकीय क्षेत्र शिरतं ते सरसकट नव्हे, तर सुट्या बारीक धाग्यांनी. प्रत्येक धाग्याभोवती विद्युतप्रवाह गरगरत असतो, म्हणून त्याला भोवरा म्हणतात. प्रत्येक भोवऱ्यात चुंबकत्वाचा वाटा अगदी सारखा. ना कमी, ना जास्त. हे भोवरे षटकोनी जाळीत शिस्तीत उभे राहतात. अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये भोवऱ्यांच्या जाळीचं गणित मांडलं. 1987 मध्ये बेल लॅब्जमध्ये थंड स्फटिकावर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बसू दिले, तेव्हा ते नेमके भोवऱ्यांच्या तोंडाशी जमले आणि भोवऱ्यांची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. एक टेस्लाच्या क्षेत्रात दर चौरस मिलिमीटरला सुमारे 48 कोटी भोवरे असतात!

वीज वाहू लागली की ती या भोवऱ्यांना बाजूला ढकलते. भोवरा सरकला की ऊर्जा खर्ची पडते आणि रोध पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे शून्य रोध हवा असेल तर हे कोट्यवधी भोवरे जागच्या जागी खिळून राहायला हवेत. नेमकं हेच थरांच्या पदार्थात अवघड होतं. इथला भोवरा अखंड दोरा नसतो. तो भाकऱ्यांच्या चवडीसारखा असतो, दर थरात एक चकती. वरची चकती खालचीला धरून ठेवते, पण ही पकड सैल असते. तापमान वाढलं की चकत्या थरथरतात, चवड वाकडीतिकडी होते आणि शेवटी अख्खी जाळी वितळते. पदार्थ अजून अतिसंवाहकच असतो, पण त्याच्यातले भोवरे आता द्रव झालेले असतात.

हे वितळणं केवळ उपमेपुरतं नाही. 1995 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत एली झेल्डोव्ह आणि सहकाऱ्यांनी या बिस्मथच्या स्फटिकाखाली अतिसूक्ष्म चुंबकी संवेदक बसवले. जाळी वितळली त्या क्षणी आतलं क्षेत्र टुणकन किंचित वाढलं. याचा अर्थ, वितळताना भोवरे आणखी दाटले. बर्फाचं पाणी होतानाही घनता अशीच वाढते!

थरांची पकड किती महत्त्वाची, हे दोन पदार्थ शेजारी ठेवले की कळतं. इट्रियमच्या ऑक्साइडमध्ये थर एकमेकांना घट्ट धरून असतात. तिथे 77 केल्विनलाही जाळी काही टेस्लांचं क्षेत्र सोसते. बिस्मथच्या स्फटिकात त्याच तापमानाला पट्टीचुंबकाच्या टोकाजवळचं क्षेत्रही तिला वितळवायला पुरतं. हे झालं क्षेत्र थरांना काटकोनात असतानाचं. ते थरांना समांतर असलं, तर दोन्ही पदार्थ कितीतरी जास्त सहन करतात.

म्हणूनच अमेरिकेत टॅलाहासीच्या प्रयोगशाळेत 2017 मध्ये 32 टेस्लांचा अतिसंवाहक चुंबक उभा राहिला, तेव्हा आतल्या वेटोळ्यांत इट्रियमच्या ऑक्साइडच्या फिती वापरल्या आणि त्या 4.2 केल्विनच्या द्रवरूप हीलियममध्ये बुडवल्या. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अतिसंवाहक पदार्थांतल्या भोवऱ्यांची जाळी थेट न्याहाळून ती कशी विस्कटते आणि वितळते, याचा अभ्यास झाला आहे.

तेव्हा अतिसंवाहकतेच्या तापमानाचा नवा विक्रम झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा आणखी दोन प्रश्न जरूर विचारा: किती चुंबकीय क्षेत्रात, आणि किती वीज वाहत असताना? पदार्थाचा खरा कस तिथेच लागतो.