हजेरीपटावरचे नाव आणि वर्गातले मूल

हजेरी घेताना मुलांच्या आवाजावरून पुष्कळ कळते. ‘हजर’ हा शब्द ओढत आला की समजावे, पोर रात्री उशिरा झोपले आहे. सोलापुरात त्याचे कारण विचारावे लागत नाही. आई पाने-तंबाखू घरी आणते, दिवसभर विड्या वळते, आणि संध्याकाळी पोरगी दोरा बांधायला बसते. हजाराचा हिशेब पुरा झाल्याशिवाय दप्तर उघडत नाही. खोली एक, दिवा एक, टी.व्ही.ही त्याच खोलीत. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असले तर दिवसा तेही तिथेच झोपलेले. अशा घरातून वेणी घालून, धुतलेला गणवेश चढवून जे लेकरू वेळेवर शाळेत येते, त्याला पहिल्या तासाला डुलकी लागली म्हणून छडी उगारणारे मास्तर पूर्वी होते. छडीला आता कायद्यानेच बंदी आहे, ते बरेच झाले.

हा कायदा म्हणजे शिक्षण हक्क कायदा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवायचे नाही, हेही त्यात होते. आमच्या वस्त्यांना हे फार मोलाचे होते. पूर्वी एकदा नापासाचा शिक्का बसला की मुलगी घरी बसे, मुलगा हॉटेलात कपबशा विसळायला जाई. मात्र दुसरीकडे, वरच्या वर्गात गेला म्हणजे त्याला येते, असा घरोघरी समज झाला. सहावीतला मुलगा तिसरीचा धडा अडखळत वाचतो, हे प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून आईला कळत नाही. ती स्वतः शाळेत गेलेली नसेल तर तिने ते ओळखावे तरी कसे? पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाले तर पुन्हा एक संधी, तीही हुकली तर तोच वर्ग. आमचे मत विचाराल तर, चार वर्षे पोराकडे कोणी पाहायचे नाही आणि पाचवीच्या दारात त्याला एकदम अडवायचे, हा काही न्याय नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातले परितेवाडी हे नाव डिसेंबर २०२० मध्ये जगभर गेले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. बक्षीस १० लाख डॉलरचे. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिले. २००९ साली ते रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. धड्याशेजारी क्यूआर कोड छापायचा, तो मोबाइलने टिपला की कविता ऐकू येते, धड्याचे चित्रण दिसते, ही त्यांची कल्पना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही असे कोड आले. सरकारी शाळेत काय ठेवले आहे, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता कोड पुस्तकावर आहे, पण मोबाइल कोठे आहे? तो बापाच्या खिशात, कामावर. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या, तेव्हा आमच्या वर्गातल्या कित्येकांचा अभ्यास रात्री बाप घरी आल्यावर सुरू होई आणि रिचार्ज संपला की संपे. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. मुले परत आली ती उंच होऊन, पण जोडाक्षरे विसरून.

घरी अभ्यासाला जागा नाही, ही अडचण बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला, सभेने आपल्या सोलापुरात हायस्कुलातल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. नुसती फी नव्हे, तर राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके हा सारा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने त्याला ४० रुपयांचे अनुदान दिले. विहाराची खोली संध्याकाळी दोन तास दिवा लावून मुलांना उघडी ठेवायला तर तेवढेही लागणार नाहीत.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. पण सभा दुपारी बोलावली तर रोजंदारी बुडवून कोण येणार? आम्ही ती संध्याकाळी घेऊ लागलो, तेव्हा माता येऊ लागल्या. पहिल्या खेपेस बोलणे खिचडी आणि गणवेशावरच चालले. मग मागच्या ओळीतली एक माता उभी राहिली. म्हणाली, “पास-नापास असू द्या गुरुजी. माझी पोरगी पेपर वाचती का, तेवढं सांगा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या लेकीपुढे वर्तमानपत्र ठेवले. मोठा मथळा तिने घडाघडा वाचला. खालच्या बारीक अक्षरांत तीनदा अडली. आईला आम्ही तसेच सांगितले.