टेकडीवरचं गाव आणि ऐंशीचं वय

स्पेनच्या अलिकान्ते प्रांतात सेगुरा नदी भूमध्य समुद्राला मिळते. त्या मुखाजवळ सान फुल्हेन्सिओ नावाची एक छोटी नगरपालिका आहे. तिच्या हद्दीत दोन वस्त्या आहेत, आणि दोन्ही आधी कागदावर आखून मग उभ्या केलेल्या. जुनी वस्ती अठराव्या शतकातली. कार्डिनल लुइस बेयुगा यांनी नदीमुखाची दलदल उपसायला लावली, पाटचाऱ्या काढल्या, शेतकरी कुटुंबं आणून त्यांना जमिनी दिल्या आणि शेजारीशेजारी तीन गावं वसवली. त्यांतलं हे एक. मधोमध चर्च, समोर चौक, सरळ गल्ल्या आणि गावाबाहेर पाऊल टाकलं की शेत.

नवी वस्ती काही किलोमीटरवर, समुद्राकडच्या टेकडीच्या उतारावर आहे. तिचं नाव ला मरीना. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बिल्डरांनी ती वाढवली. पांढरे बैठे बंगले, दोन झोपायच्या खोल्या, पुढे हातभर अंगण आणि बाहेरच्या जिन्याने वर गेलं की ऊन खायला गच्ची. चार-सहा घरांच्या ओळींमागे सामायिक पोहण्याचा तलाव, खाली दुकानांची रांग. त्या रांगेत इंग्रजी न्याहारी मिळते, जर्मन पाव मिळतो, चष्मे मिळतात आणि अंत्यविधीचा विमाही उतरवून मिळतो. इथे कोणी पोट भरायला आलेलं नाही. आलेल्यांचं कमावून झालेलं आहे. या नगरपालिकेच्या लोकसंख्येत परदेशी माणसं निम्म्याहून अधिक आहेत आणि त्यांत उत्तर युरोपातल्या निवृत्तांचा भरणा मोठा. शेजारच्या रोहालेस गावाच्या हद्दीतलं सिउदाद केसादा तर बांधणाऱ्या बिल्डरच्याच आडनावाने ओळखलं जातं. असं आखीव गृहसंकुल स्पेनमध्ये ‘उर्बानिसासिओन’ म्हणून ओळखलं जातं. अलिकान्तेच्या कोस्टा ब्लांका या किनाऱ्यावर अशी संकुलं मैलोगणती पसरलेली आहेत.

निवृत्तांसाठी आखलेल्या गावाची कल्पना मुळात अमेरिकेतली. १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने ‘सन सिटी’ विक्रीला खुली केली. आधी गोल्फचं मैदान, क्लब, दुकानं बांधली आणि मग घरं विकली. म्हातारपण म्हणजे आयुष्यभराच्या कामानंतरची हक्काची सुट्टी, हे विकायचं सूत्र तिथे सापडलं. स्पेनमध्ये ते दुसऱ्या वाटेने आलं. बेनिदोर्मने १९५६ मध्ये नगररचना आराखडा करून मासेमारीचं गाव पर्यटनाला खुलं केलं. चार्टर विमानं सुरू झाली. मँचेस्टर-बर्मिंगहॅमचे कामगार आणि कारकून दरवर्षी दोन आठवडे उन्हाला येऊ लागले. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात आला आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लिश किंवा डच पेन्शनराला इथे राहायला येणं कायद्याने सोपं झालं. मायदेशातलं घर विकलं की इथलं घर येऊन वर पैसेही उरत. रसेल किंग, टोनी वॉर्न्स आणि ॲलन विल्यम्स या तीन भूगोलतज्ज्ञांनी तोस्काना, माल्टा, कोस्टा देल सोल आणि अल्गार्व इथल्या ब्रिटिश निवृत्तांचा अभ्यास करून २००० साली ‘सनसेट लाइव्ह्ज’ हे पुस्तक लिहिलं. त्यातून एक गोष्ट दिसते. माणसं नकाशावर बोट ठेवून आली नव्हती, आधी सुट्टीला येऊन गेलेल्या ठिकाणीच ती राहायला आली.

माझ्या मते या गावांचा सगळा गुंता तिथेच सुरू होतो. सुट्टीसाठी पसंत केलेली जागा पुढच्या पंचवीस वर्षांसाठी घेतली गेली. बांधणाऱ्यानेही गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवलं ते बासष्ट वर्षांचं, जोडीने आलेलं, धडधाकट आणि स्वतःची गाडी चालवणारं. त्या जोडप्याला टेकडीवरून समुद्र दिसणं महत्त्वाचं होतं. औषधाचं दुकान खाली दीड किलोमीटरवर असण्याने त्याचं काहीच अडत नव्हतं.

बांधणाऱ्याला पुढचं पाहण्याची गरज का पडली नाही, हे कळायला जमिनीचा कायदा पाहावा लागतो. अलिकान्ते ज्यात येतो त्या वालेन्सिया प्रदेशाने १९९४ मध्ये नगरविकासाचा नवा कायदा केला. त्याने खासगी विकासकाला विलक्षण अधिकार दिला. ज्या जमिनीचा तो मालक नाही, तिच्यावरही वसाहतीचा आराखडा मांडायचा, नगरपालिकेने तो मंजूर केला की मूळ मालकांनी जमिनीचा काही हिस्सा सोडायचा आणि वर रस्ते, गटारं, वीज यांच्या खर्चातला वाटाही भरायचा. आपल्याकडे शेती बिनशेती होताना जे काही चालतं, त्याच्या कितीतरी पुढची ही पायरी होती. फटका बसला तो अनेकदा आधी आलेल्या परदेशी निवृत्तांनाच. शांतता म्हणून रानातलं जुनं घर घेतलेल्या माणसाच्या दारात एक दिवस नोटीस येई. तुमच्या बागेतून रस्ता जाणार आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायचे आहेत. एका निवृत्ताचं अंगण कापून दुसऱ्या निवृत्ताचा बंगला उभा राहत होता. शेकडो तक्रारी ब्रसेल्सला गेल्या. कायदा २००५ मध्ये बदलला, तरी गाऱ्हाणी थांबली नाहीत. अखेर २६ मार्च २००९ रोजी युरोपीय संसदेने डॅनिश सदस्य मार्ग्रेते आउकेन यांचा स्पेनमधल्या नगरविकासावरचा कडक अहवाल मंजूर केला. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ जानेवारी २००८ रोजी, दक्षिणेकडे आल्मेरिया प्रांतातल्या वेरा इथे एका वृद्ध ब्रिटिश दांपत्याचं घर सरकारी यंत्रांनी पाडलं होतं. गावच्या नगरपालिकेचा बांधकाम परवाना त्यांच्या हातात होता. प्रादेशिक सरकारच्या मते तो परवानाच बेकायदा होता.

शेवटचा बंगला विकला की विकासक मोकळा होतो. मग उरते सोसायटी. स्पेनमध्ये सामायिक मालमत्तेचा कायदा १९६० चा आहे. मालकांची सभा भरते, अध्यक्ष मालकांमधूनच निवडतात, मेंटेनन्स ठरतो, व्यवस्थापक नेमतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातलं काही समजावून सांगायला नको. रस्ते आणि दिवे नगरपालिकेने ताब्यात घेतले नसतील, तर ते वर्षानुवर्षं कोणाचेच नसतात. ही हस्तांतराची रखडपट्टी तिथेही आहे. फरक एवढाच की सभेला आलेली माणसं चार भाषा बोलणारी असतात, कागद स्पॅनिशमध्ये असतात आणि निम्मे मालक त्या दिवशी लीड्समध्ये किंवा रॉटरडॅममध्ये असतात.

हे सगळं खरं असूनही इथली माणसं दुःखी आहेत असं चित्र रंगवणं अन्यायाचं होईल. समाजशास्त्रज्ञ कॅरेन ओ’रायली यांनी कोस्टा देल सोलवर राहून ब्रिटिशांचा अभ्यास केला. वर्तमानपत्रांनी रंगवलेली, पस्तावलेली आणि दारूत बुडालेली माणसं त्यांना सरसकट भेटली नाहीत. भेटली ती बहुतेक समाधानी होती. चालण्याचे गट, समूहगान, चित्रकलेचे वर्ग, प्राण्यांच्या आश्रमासाठी जुन्या वस्तूंची दुकानं, एकमेकांना दवाखान्यात नेणं. मायदेशी थंड घरात खिडकीशी बसून राहिली असती, ती माणसं इथे रोज चार लोकांत असतात. संधिवाताच्या माणसाला कोरडं, उबदार हवामान मानवतं. साठ ते पंचाहत्तर या वयासाठी ही गावं उत्तम आहेत, हे मी मोकळ्या मनाने म्हणेन.

प्रश्न त्यानंतरचा आहे. जोडीदार जातो. गाडी बहुधा तोच चालवत असतो. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. स्पेनमध्ये पासष्टीनंतर वाहन परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी शारीरिक-मानसिक तपासणी द्यावी लागते. त्यात नापास झालेल्या बाईचं घर त्या दिवसापासून बेट होतं. बस असलीच तर तिच्या फेऱ्या मोजक्या. पदपथ कुठे आहे, कुठे मध्येच संपतो. गच्चीचा जिना तर केव्हाच बंद झालेला असतो. हे किती गंभीर आहे, ते एकदा सगळ्यांना एकदमच कळलं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश परवान्यांच्या अदलाबदलीचा करार लांबला आणि १ मे २०२२ पासून स्पेनमध्ये राहणाऱ्या, परवाना न बदललेल्या ब्रिटिशांना गाडी चालवता येईना. करार लागू झाला १६ मार्च २०२३ रोजी. मधले दहा महिने हजारो माणसं, त्यांत कितीतरी वृद्ध, किराणा आणि दवाखान्यासाठी शेजाऱ्यांच्या गाडीवर अवलंबून होती. गाडी काढून घेतली की या गावांच्या रचनेत काय उरतं, ते त्या दहा महिन्यांनी दाखवलं.

दवाखाने चांगले आहेत. तोरेव्हिएहाचं मोठं सार्वजनिक रुग्णालय २००६ पासून आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शन घेणाऱ्याच्या उपचारांचा खर्च ‘एस वन’ या दाखल्यावर ब्रिटन भरतं आणि ब्रेक्झिटनंतरही ती सोय टिकली आहे. पण स्पॅनिश वॉर्डात रुग्णाच्या उशाशी घरचं माणूस असणार, असं गृहीत धरलेलं असतं. भरवायला, उठवून बसवायला, रात्री खुर्चीत जागायला मुलगी, सून, बहीण कोणीतरी येतं. इंग्लिश विधवेच्या उशाशी असतो स्वयंसेवक दुभाषा, आणि तोही बहुधा सत्तरीचाच. घरी मदतनीस हवी तर स्पेनचा २००६ चा परावलंबित्व कायदा आहे. त्याखाली अर्ज करायला देशात पाच वर्षांचं अधिकृत वास्तव्य लागतं, त्यांतली शेवटची दोन सलग अर्जाच्या आधीची. इथे पुष्कळांचं घोडं अडतं, कारण त्यांनी नगरपालिकेच्या रहिवासी यादीत नाव कधी घातलेलंच नसतं. कोणाला कराची भीती, कोणाला वाटतं सहा महिनेच तर राहतो. त्या यादीवरून गावाला निधी मिळतो. दहा हजार माणसं राहतात आणि यादीत सहा हजार असतील, तर सोयीही सहा हजारांच्याच मापाच्या येतात. वस्तीचं हे नुकसान वस्तीनेच करून घेतलेलं आहे आणि ते भरून काढणं तिच्या हातात आहे.

पैशाचं गणितही सरळ नाही. पेन्शन पौंडात, खर्च युरोत. २००७ च्या सुरुवातीला पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळत होता. २००८ च्या अखेरीस दोन्ही चलनं जवळपास बरोबरीत आली. काहीही न करता माणसाचं उत्पन्न जेमतेम दोन वर्षांत सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटलं. त्याच वेळी स्पेनची घरबांधणी कोसळली, म्हणून घर विकून परत जाणंही अवघड झालं. पुढे जून २०१६ मधल्या ब्रेक्झिटच्या जनमताने पौंड पुन्हा घसरला. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिशांना त्या जनमतात मतही देता आलं नव्हतं. इटलीत स्थायिक झालेले दुसऱ्या महायुद्धातले सैनिक हॅरी शिंडलर यांनी म्हातारपणाची कितीतरी वर्षं या नियमाविरुद्ध लढण्यात घालवली. नियम रद्द करणारा कायदा २०२२ मध्ये झाला, प्रत्यक्षात तो जानेवारी २०२४ मध्ये लागू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १०१ व्या वर्षी, शिंडलर गेले होते.

आता स्थायिक होण्याच्या बाबतीत ब्रिटिश माणूस स्पेनसाठी भारतीयासारखाच परका आहे. त्याला व्हिसाविना १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. कायम राहायचं तर काम न करण्याच्या अटीवरचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी २०२३ पासूनच्या निकषाने महिना २४०० युरोचं उत्पन्न दाखवावं लागतं, जोडीदाराचे ६०० वेगळे, शिवाय खासगी आरोग्य विमा. पाच लाख युरोंचं घर घेऊन निवासाचा परवाना मिळवण्याची २०१३ ची सवलत एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. नुसत्या सरकारी पेन्शनवर जगणारा कामगार, ज्याच्या जोरावर ही गावं वाढली, तो या नियमांत बसत नाही.

ब्रिटनमध्ये आयुष्य काढलेल्या मराठी कुटुंबांना या हिशेबाची दुसरी बाजू ठाऊक असते. ब्रिटिश सरकारी पेन्शन स्पेनमध्ये राहणाऱ्याला दर एप्रिलला वाढून मिळते. तोच माणूस पुण्याला किंवा रत्नागिरीला परतला, तर भारतात आल्यावर त्याची रक्कम तिथेच गोठते आणि पुढच्या वाढी मिळत नाहीत. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही हेच. तेवढीच वर्षं वर्गणी भरलेल्या माणसाला केवळ पत्त्यामुळे कमी मिळावं, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

म्हातारपणाच्या शेवटच्या टप्प्याचाही विचार करणाऱ्या वस्त्या स्पेनमध्येच आहेत, पण त्या बिल्डरांनी बांधलेल्या नाहीत. मालागामध्ये सांता क्लारा ही ज्येष्ठांची सहकारी वसाहत आहे. माद्रिदजवळच्या तोर्रेमोचा दे हारामा गावात ‘त्राबेनसोल’ २०१३ मध्ये राहती झाली. ५४ घरं आहेत. मालकी सहकारी संस्थेची, सभासदाला वापराचा हक्क. सभासद पन्नाशी-साठीत असतानाच एकत्र आले आणि आपण ऐंशीचे झाल्यावर काय लागेल, ही चर्चा त्यांनी आर्किटेक्टसमोर बसून केली. म्हणून घरं बैठी, दारं रुंद, पायऱ्या नाहीत. घरं मुद्दाम लहान ठेवली आणि वाचलेली जागा जेवणघर, वाचनालय, कार्यशाळा आणि बागेला दिली, कारण गाठीभेटी तिथे होतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर आहे. या लोकांनी जागा निवडताना एक जुनं, जितंजागतं गाव निवडलं आणि दवाखाना, दुकान, चौक पायी गाठता येईल असं घर बांधलं.